गाडी गुळाच्या काट्यावर चढवा

आमच्या गाडीचं रील पावणेदोन लाख लोकांनी बघितलं. खाली कमेंट आल्या त्या अशा: 'नाद खुळा', 'कोल्हापूरची फेरारी', 'भावा, जमिनीला चिकटली की रे', 'सरकारनं दखल घ्यावी'. आगीचे इमोजी किती आले ते मोजले नाहीत. एवढ्या लोकांत एकानंही एक साधा प्रश्न विचारला नाही: मागच्या चाकाला वर जायला जागा किती उरलीय?

उत्तर होतं १८ मिलिमीटर. अंगठ्याच्या रुंदीएवढी. त्या १८ मिलिमीटरनं पुढं माझ्या चुलतभावाच्या हासळीचं हाड मोडलं.

सुरुवातीपासून सांगतो. गडमुडशिंगीत आमच्या घरामागं पत्र्याचं शेड आहे. पूर्वी तिथं दोन म्हशी असायच्या, आता एक गाडी आहे. मी, चुलतभाऊ आणि एक वेल्डर मित्र अशा तिघांनी अडीच वर्षांत केलेली. दोन माणसांची, बिनटपाची, इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागं. चौकोनी पाइपचा सांगाडा आम्ही जोडला. बाकी इंजिन, गिअरबॉक्स, चारी चाकांचं सस्पेन्शन भंगारात निघालेल्या दोन मारुती ८०० मधून आलं. एका ८०० चा पुढचा सगळा भाग उचलून मागं बसवला, दुसरीचा पुढचा पुढंच ठेवला. मी मेकॅनिकलचा इंजिनिअर, नोकरी सॉफ्टवेअरची, त्यामुळं हे सगळं शनिवार-रविवारचं काम. ज्यांनी मेकॅनिकल केलं आणि हिंजवडीत जाऊन बसले त्यांना हे दुःख वेगळं समजावायला नको.

गाडी पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर उभी राहिली तेव्हा ती पुढनं आभाळाकडं बघत होती. कारण सोपं होतं. ८०० च्या पुढच्या चाकांवर इंजिनाचं ओझं असतं, त्या हिशेबानं तिच्या स्प्रिंगा. आमच्या गाडीत पुढं इंजिनच नव्हतं. ओझं कमी, म्हणून स्प्रिंग दबेना. मागची बाजूही थोडी उंचच, कारण पूर्ण ८०० पेक्षा आमची गाडी हलकी. म्हणजे आम्हाला हव्या होत्या मऊ स्प्रिंगा. आम्ही काय केलं? ग्राइंडर घेतला आणि होत्या त्या स्प्रिंगांचा दीड-दीड वेढा कापून टाकला.

स्प्रिंग कापली की दोन गोष्टी होतात. पहिली दिसते: गाडी खाली बसते. दुसरी दिसत नाही: उरलेली स्प्रिंग जास्त कडक होते. सहा वेढ्यांची स्प्रिंग एक वेढा कापून पाचाची केली तर ती २० टक्के कडक होते, हे बारावीच्या फिजिक्सचं गणित आहे. मऊ हवी होती तिथं आम्ही आणखी कडक केली. शिवाय गाडी खाली आली ती शॉकअपची चाल खाऊन. खड्ड्यात चाकानं वर जायची जी जागा असते तीच आम्ही उंची कमी करायला वापरली. ती संपली की रबराचा ठोकळा लागतो, बंप स्टॉप. ठोकळ्याला टेकल्यावर स्प्रिंग असून नसल्यासारखी. चाक आणि सांगाडा एकच वस्तू होतात आणि टायरची पकड एका क्षणात सुटते.

आणखी एक भानगड आहे आणि ती मला डिग्री असून कळली नाही, याची लाज वाटते. ८०० ला मॅकफर्सन स्ट्रट असतं: खाली एक आर्म, वर शॉकअपचा खांब. गाडी मूळ उंचीवर असताना तो आर्म सांगाड्याकडून चाकाकडं थोडा उतरता असतो. गाडी खाली बसवली की तो आडवा होतो, मग उलटा चढायला लागतो. गाडी वळणात ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते, ज्याला रोल सेंटर म्हणतात, तो बिंदू मग गाडीच्या उंचीपेक्षा जास्त वेगानं खाली जातो. तुम्ही गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली असेल, तो बिंदू त्याच्या दुप्पटही खाली गेलेला असू शकतो. म्हणजे गुरुत्वमध्य आणि तो बिंदू यांतलं अंतर वाढलं आणि गाडी झुकायला जास्त राजी झाली. खाली केली म्हणजे कमी झुकेल ही गॅरेजमधली ठाम समजूत. मॅकफर्सनच्या गाडीत एका हद्दीनंतर तिचं नेमकं उलटं होतं. मग तो झोक थोपवायला माणसं अजून कडक स्प्रिंग टाकतात. असं ते चक्र.

आमच्याकडं याच्यावर एक कळस होता. ८०० चा पुढचा भाग मागं आणला तेव्हा त्याचे स्टिअरिंगचे टाय रॉडही आले. मागची चाकं वळायला नकोत म्हणून ते आम्ही सांगाड्याला एका पट्टीवर पक्के केले. आर्म एका वर्तुळात फिरतो, टाय रॉड दुसऱ्या. मूळ उंचीला ती दोन वर्तुळं जवळजवळ जुळत होती. खाली बसवल्यावर जुळेनाशी झाली. नंतर दोरा बांधून मोजलं तेव्हा कळलं की मागचं चाक २५ मिलिमीटर वर दाबलं की त्याचं तोंड ६ मिलिमीटर बाहेर वळतं. गाडी मागनं स्वतःच स्टिअरिंग मारत होती. मोजलं मात्र नंतर.

डिसेंबर २०२३. पहाटे साडेपाचला आम्ही गाडी हुपरी रस्त्याला काढली. रस्त्यावर काढायला नको होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. शेजारी चुलतभाऊ. वेग साठच्या आसपास. डावीकडं हलकं वळण आणि त्यात रस्ता खचलेला. उजवं मागचं चाक ठोकळ्याला लागलं, तोंड बाहेर वळलं आणि गाडी उलटी फिरून उसात गेली. ऊस तोडीला आलेला, उंच, दाट. त्यानंच आम्हाला धरलं. समोरनं काही येत असतं तर हा लेख कुणी लिहिला नसता.

दवाखान्यात आम्ही सांगितलं, मोटारसायकल घसरली.

हे वाक्य मला त्या अपघातापेक्षा जास्त छळतं. त्यात सगळं आहे. ज्या गाडीला पावणेदोन लाख लोकांनी टाळ्या वाजवल्या ती कागदावर अस्तित्वातच नव्हती. नंबर नाही, विमा नाही, म्हणून अपघातही नाही. आणि अपघात झालाच नाही तर तो का झाला हे कोण कुणाला विचारणार? आमच्यासारखी दुसरी कुणी पोरं दुसऱ्या शेडमध्ये ८०० चा पुढचा भाग मागं बसवत असतील तर त्यांना आमच्या टाय रॉडची गोष्ट कुठून कळावी?

म्हणून माझं भांडण दोघांशी आहे. एक, कौतुक करणाऱ्यांशी. दोन, बंदी घालणाऱ्यांशी. दोघं एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं वाटतं, पण दोघांची सवय एकच: गाडीखाली वाकून बघायचं नाही.

आधी कौतुकाचं. २०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहार यांच्या छोट्या जीपचा व्हिडिओ देशभर फिरला. भंगारातल्या भागांतनं, साठेक हजार रुपयांत केलेली, किक मारून चालू होणारी जीप. आनंद महिंद्रांनी ती शेअर केली, ही नियमांत बसत नाही पण कमी साधनांतली ही हिकमत थोर आहे असं म्हणाले, आणि जीपच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. महिंद्रांचा दिलदारपणा खरा, लोहारांचं काम त्याहून खरं. दोघांनाही मी नावं ठेवत नाही. पण त्या गोष्टीचा शेवट बघा. घरी केलेली गाडी कंपनीकडं प्रेरणा म्हणून गेली आणि करणाऱ्याला कारखान्याची गाडी मिळाली. टाळ्या. आपल्याकडं घरी केलेल्या गाडीला दोनच शेवट ठाऊक आहेत, एक तर काचेमागं जायचं, नाही तर आरटीओच्या आवारात गंजायचं. तपासा, चूक दाखवा, दुरुस्त करून आणली तर रस्त्यावर चालू द्या, असा तिसरा शेवट कुणाला सुचलाच नाही.

'जुगाड' या शब्दाचा मला आता कंटाळा आलाय. तो ऐकायला शाबासकी वाटतो, पण त्याच्या पोटात एक तुच्छता आहे: तुमच्याकडनं अचूकपणाची अपेक्षाच नाही. पुण्यातल्या कंपनीतल्या इंजिनिअरला कुणी 'वा, चाललं की!' म्हणत नाही. त्याला विचारतात, टॉलरन्स किती? हाच प्रश्न शेडमधल्या पोराला विचारा. तो त्याचा मान आहे. आणि कोल्हापूरला हे शिकवायची गरज पडू नये. शिवाजी उद्यमनगरात, गोकुळ शिरगावात, शिरोलीत जी माणसं ओतकाम आणि लेथवर पोट भरतात ती मायक्रॉनमध्ये बोलतात. त्याच माणसाचा पोरगा गाडी खाली करताना ग्राइंडर उचलतो आणि डोळ्यानं बघून 'बसली' म्हणतो. कारखान्यात माप आणि घरी अंदाज, ही फाळणी कुणी केली?

आता आम्ही मोजलं ते सांगतो, कारण त्याला पैसे जवळजवळ लागले नाहीत.

कापलेल्या स्प्रिंगा फेकल्या. मऊ स्प्रिंगा शोधल्या. उद्यमनगरात लेथवर चार आट्यांच्या नळ्या करून घेतल्या आणि त्यांवर फिरणाऱ्या रिंगा; स्प्रिंग त्या रिंगेवर बसते, रिंग फिरवली की तो कोपरा वर किंवा खाली. लेथवाल्या काकांनी विचारलं, "कडक करायला का?" सगळ्यांना असंच वाटतं. गाडीचं वजन स्प्रिंगेवर असताना रिंग वर घेतली तर स्प्रिंग कडक होत नाही, नुसता तो कोपरा उचलला जातो. कडकपणा तारेच्या जाडीत आणि वेढ्यांत असतो, रिंगेत नाही. मागचे टाय रॉड ज्या पट्टीवर होते ती पट्टी कापून आर्मच्या वर्तुळाशी जुळेल अशा उंचीला परत जोडली. याला तीन रविवार गेले. रील करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

मग वजन. चारचाकी गाडी म्हणजे चार पायांचं स्टूल. एका पायाखाली कागदाची घडी सारली तर तो पाय आणि त्याच्या समोरचा तिरका पाय जास्त ओझं घेतात, बाकीचे दोन हलके होतात. गाडीचंही तेच. डोळ्याला चारी कोपरे सारख्या उंचीचे दिसतात आणि आत एक चाक अर्धवट लटकलेलं असतं. हे ओळखायचा एकच मार्ग: चार चाकांखाली चार काटे. रेसवाल्यांकडं त्यासाठीची महागडी यंत्रं असतात. आमच्याकडं गुऱ्हाळं आहेत. ओळखीच्या गुऱ्हाळातनं गुळाचे रवे मोजायचे चार इलेक्ट्रॉनिक काटे आणले. प्रत्येक काट्यावर वीस किलोची तीच ती वजनं ठेवून आधी काटे एकमेकांशी ताडून घेतले. शेडची जमीन म्हशींच्या काळातली, उताराची. गवंड्याची पाण्याची नळी लावून काट्यांखाली फरश्या आणि पत्रे सारले आणि चारी काटे एका पातळीत आणले. टायरची हवा सारखी केली. ड्रायव्हरच्या जागी माझ्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवली. काट्यावर चाक अडकून बसू नये म्हणून खाली दोन पत्रे आणि मध्ये ग्रीस. दर वेळी गाडी हातानं दाबून, हलवून मगच आकडा वाचायचा.

पहिले आकडे: पुढचं डावं १२८ किलो, पुढचं उजवं ९६, मागचं डावं १५०, मागचं उजवं १८६. एकूण ५६०. पुढचं डावं आणि मागचं उजवं या तिरक्या जोडीवर ३१४ किलो, म्हणजे ५६ टक्के. पुढचं उजवं चाक नुसतं सोबतीला आलं होतं. ही उंची मी डोळ्यानं आणि टेपनं 'बरोबर' केलेली होती, हे लक्षात घ्या.

चार तास रिंगा फिरवल्यावर: ११४, ११०, १६४, १७२. तिरक्या जोडीवर २८६, एकावन्न टक्के. बेरजा करून बघा. पुढची बेरीज आधीही २२४ आणि नंतरही २२४. डाव्या बाजूची आधीही २७८, नंतरही २७८. रिंगेनं पुढचं वजन मागं जात नाही, डावीकडचं उजवीकडं जात नाही. फक्त तिरकी वाटणी बदलते. वजन खरंच हलवायचं असेल तर बॅटरी हलवा, टाकी हलवा. हे कळल्यावर मला कोडिंगमध्ये बग सापडल्यावर होतो तसा आनंद झाला, आणि लगेच राग आला. हे काटे आमच्या घरापासून दोन किलोमीटरवर पहिल्यापासून होते.

शेवटी बंप स्टॉपपर्यंतची चाल परत मोजली: मागं ५५ मिलिमीटर. चाकाचा कॅम्बर ओळंब्यानं, तोंड दोऱ्यानं. गाडी आता रीलमधल्यापेक्षा साडेतीन सेंटिमीटर उंच दिसते. चुलतभाऊ म्हणतो, मजा गेली. त्याच्या हासळीवर बोट ठेवून मी गप्प बसतो.

आता बंदीचं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करायचा नाही. सीएनजी किट, अपंग व्यक्तीसाठीचे बदल असे काही अपवाद आहेत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी पक्कं केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. नवीन गाडी करायची तर नियम १२६: तिचा नमुना ठरावीक संस्थांकडून तपासून घ्यायचा. गंमत म्हणजे त्यांतल्या मोठ्या संस्था महाराष्ट्रातच आहेत, पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई. पण ती वाट हजारो गाड्या काढणाऱ्या कंपनीसाठी आखलेली आहे. एकच गाडी करणाऱ्या माणसासाठी तिथं वेगळी खिडकी नाही.

बंदीच्या बाजूनं जे म्हणतात ते मी हसण्यावारी नेत नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात पोरांना ग्राइंडर देऊन आणखी भर घालायची का? रास्त प्रश्न आहे. आणि मी स्वतः त्याचं जिवंत उदाहरण आहे, साठच्या वेगानं उसात गेलेलं. पण बंदीनं मला अडवलं का? ग्राइंडर शेडमध्ये होता, शेडला दार होतं. बंदीनं एवढंच केलं की कुणा जाणत्या माणसाला गाडी दाखवायची मला भीती वाटली. दाखवली असती तर तो खाली वाकला असता आणि दोन मिनिटांत म्हणाला असता, "हा टाय रॉड कुठल्या गाढवानं बसवला?" मला तो गाढव म्हणणारा माणूस हवा होता. (हंगामात आमच्याच रस्त्यावर मागं दिवा नसलेल्या, दोन-दोन जोडलेल्या उसाच्या ट्रॉल्या रात्रभर पळतात. एकुणात रस्त्याच्या सुरक्षेची काळजी कुणाच्या बाबतीत जागी होते हा वेगळा लेखाचा विषय.)

एकेकट्या गाडीची तपासणी ही परीकथा नाही. ब्रिटनमध्ये घरी गाडी करणं हा जुना छंद आहे. लोटसचा कॉलिन चॅपमन १९४८ मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवर पहिली गाडी बांधत होता तेव्हा तो गॅरेजमधला पोरगाच होता. १९५७ ची लोटस सेव्हन लोक सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडत, कारण तशी घेतली की खरेदीकर चुकायचा. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी करावी यावर पुस्तकच लिहिलं आणि त्यावरनं गल्लोगल्ली गाड्या झाल्या. सरकारनं काय केलं? १९९८ पासून अशा एकेका गाडीची तपासणी सुरू केली. तिचं आजचं रूप म्हणजे आयव्हीए. ब्रेक, दिवे, आवाज, धूर, टोकदार कडा, आणि मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट: वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं का. ते सस्पेन्शनच्या कोनांवर ठरतं. म्हणजे तिथला निरीक्षक चाकाचा कोन बघतो, आणि नापास झालात तर कारण लिहून देतो. परत या म्हणतो.

ते साहेबांचं झालं, म्हणाल. मग इथलं घ्या. फॉर्म्युला भारतमध्ये दर वर्षी कॉलेजची पोरं स्वतः केलेल्या गाड्या घेऊन कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर जातात. त्या धर्तीच्या स्पर्धांमध्ये आधी गाडी तिरकी करतात, ६० अंशांत. चाक उचललं तर बाद. ब्रेक मारल्यावर चारी चाकं लॉक झाली पाहिजेत. चाकाला किमान ५० मिलिमीटर चाल हवी, त्यातली २५ वरच्या दिशेनं. माझ्या १८ मिलिमीटरला त्यांनी गेटवरनंच घरी पाठवलं असतं. ही तपासणी भारतात, भारतीय माणसं करतात. जे एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यासाठी जमतं ते डिग्री हातात पडल्यावर, किंवा डिग्री नसलेल्या वेल्डरसाठी, एकदम अशक्य का होतं?

मला रस्त्यावर मोकळीक नको आहे. आरटीओत महिन्यातला एक दिवस, एक खड्डा, चार काटे, आणि हातात टॉर्च घेतलेला एक चिडका माणूस हवा आहे. फी घ्या. वेग बांधून द्या, फक्त ट्रॅकपुरतीच परवानगी द्या, दर वर्षी परत बोलवा. नापास करा, पण वाकून बघून नापास करा. आणि मोबाईलवर अंगठा फिरवणाऱ्या तुम्हालाही एक मागणं: पुढच्या वेळी जमिनीला चिकटलेली घरची गाडी दिसली की आगीच्या इमोजीऐवजी विचारा, 'बंप स्टॉपपर्यंत किती?' उत्तर नाही आलं तर समजा त्यानं मोजलेलं नाही. तो चिडेल. मीही चिडलो असतो.

गाडी सध्या शेडमध्ये आहे, रस्त्यावर नेत नाही. काटे अजून माझ्याकडंच आहेत. गुऱ्हाळ दसऱ्यानंतर पेटतं, तोवर परत द्यायचेत. करवीर तालुक्यात कुणाच्या शेडमध्ये असली काही गाडी असेल तर ट्रॉलीवर घालून आणा. फरश्या मांडलेल्या आहेत. वाळूची पोती मात्र आपापल्या वजनाची आणा.